विश्लेषण : पाय कापायचा की वाचवायचा? तारेने रक्तवाहिनी उघडणारे डॉ. चार्ल्स डॉटर कोण होते?

हृदयाच्या धमनीत अडथळा निघाला, दोन स्टेंट टाकले, तिसऱ्या दिवशी घरी सोडले. हे वाक्य आता गावोगावच्या घरांत ऐकू येते. मनगटातून किंवा जांघेतून सुईएवढ्या छिद्रावाटे एक तार आत जाते आणि छाती न उघडता हृदयापर्यंत पोहोचते. या उपचाराची सुरुवात मात्र हृदयापासून नव्हे, तर पायापासून झाली. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड शहरात 82 वर्षांच्या एका आजीबाईंचा पाय कापण्याची वेळ आली होती. तो पाय वाचला. वाचवणारे डॉक्टर सर्जन नव्हते, एक्स-रे काढणारे रेडिओलॉजिस्ट होते. त्यांची ही कहाणी.

डॉटर कोण होते?

चार्ल्स थिओडोर डॉटर यांचा जन्म 14 जून 1920 रोजी बोस्टन येथे झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. अंगकाठी लहान, पण हात सतत कशात तरी गुंतलेले. यंत्र दिसले की उघडून पाहायचे, ही सवय लहानपणापासूनची. ड्यूक विद्यापीठातून 1941 मध्ये पदवी आणि कॉर्नेल विद्यापीठातून 1944 मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी रेडिओलॉजी निवडली.

न्यूयॉर्कमध्ये असतानाच त्यांनी हृदय आणि रक्तवाहिन्यांमध्ये औषध सोडून एक्स-रे चित्रे घेण्याच्या तंत्रावर काम केले. इस्रायल स्टाइनबर्ग यांच्यासोबत त्यांनी या विषयावर लिहिलेले पुस्तक 1951 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, ते पोर्टलंडच्या ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले. हे पद त्यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे 33 वर्षे सांभाळले.

रेडिओलॉजिस्टचे काम त्या काळी ठरलेले होते. चित्र काढायचे, अडथळा कुठे आहे ते सांगायचे आणि बाजूला व्हायचे. पुढचे काम सर्जनचे. डॉटर यांना ही वाटणी पटत नव्हती. जी नळी अडथळ्यापर्यंत पोहोचते, तिनेच तो अडथळा दूर का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता.

रक्तवाहिन्यांच्या फाट्यांवर नळी वळते कशी?

हा प्रश्न समजण्यासाठी रायगड जिल्ह्यातला एक रस्ता पाहू. मुंबई-गोवा महामार्गाने महाड सोडून पोलादपूर गाठले की फाटे सुरू होतात. महामार्ग कशेडी घाटाकडे जातो, एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि तालुक्याच्या आतल्या भागात नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ आहे. चुकीच्या फाट्याला लागलेली गाडी कितीही वेगाने हाकली तरी उमरठला पोहोचणार नाही.

शरीरातही तसेच आहे. जांघेतल्या धमनीतून वर निघालेली नळी महाधमनीच्या हमरस्त्याला लागते. वाटेत मूत्रपिंडांकडे, आतड्यांकडे, यकृताकडे जाणारे फाटे लागतात. वर कमानीपाशी हातांकडे आणि मेंदूकडे जाणारे फाटे आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्यांची तोंडे तर महाधमनीच्या अगदी मुळाशी असतात. त्यातही फरक असा, की गाडीचा चालक पुढे बसून रस्ता पाहतो. कॅथेटरचा, म्हणजे त्या लांब पोकळ नळीचा, चालक शरीराबाहेर उभा असतो. टोक मीटरभर पुढे असते आणि ते मागून ढकलायचे असते. शिवाय नळी ताठ असेल तर धमनीच्या भिंतीला भोक पडण्याची भीती. लुसलुशीत असेल तर ती पुढे सरकतच नाही.

यावरचा उपाय म्हणजे गाइडवायर, वाट दाखवणारी तार. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजींचे मोजके मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले, त्यांनी वरून दोर सोडले आणि बाकीचे त्या आधाराने चढले, ही कथा घराघरांत माहीत आहे. गाइडवायरचे काम त्या दोराचे. आधी बारीक तार जागेवर पोहोचवायची. ती पोहोचली की तिच्यावरून नळी, फुगा, स्टेंट असे जे हवे ते सरकवत न्यायचे. तार जागची हलली नाही तर रस्ता हातातून सुटत नाही.

स्वीडनचे रेडिओलॉजिस्ट स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये ही युक्ती मांडली. सुई धमनीत घालायची, सुईतून तार आत सोडायची, तार तशीच ठेवून सुई काढायची आणि तारेवरून नळी सरकवायची. त्याआधी धमनी कापून उघडी करावी लागे किंवा नळी आत जाईल एवढी जाड सुई खुपसावी लागे.

तारेला दिशा कशी देतात?

तीन गोष्टी लागतात. पहिली, तारेचे मऊ आणि किंचित वाकवलेले टोक. बाहेरून तार बोटांनी फिरवली की आतले टोकही फिरते आणि हव्या त्या फाट्याकडे तोंड करते. हृदयाच्या धमन्यांसाठी आज वापरली जाणारी तार साधारण 0.36 मिलिमीटर जाडीची असते. दुसरी गोष्ट म्हणजे नळीचा घडवलेला आकार. नळीच्या टोकाला आधीच ठरावीक वळण दिलेले असेल, तर ती महाधमनीत शिरताच आपसूक योग्य तोंडाशी जाऊन टेकते. तिसरी, पडद्यावर दिसणारे चालते एक्स-रे चित्र. अधूनमधून थोडे औषध सोडले की फाट्यांचा नकाशा क्षणभर उजळतो.

या तिन्ही गोष्टींवर डॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हात फिरला. एक्स-रे चित्रे झटपट, एका सेकंदाला दोन या वेगाने घेता यावीत म्हणून त्यांनी न्यूयॉर्कमध्येच यंत्र घडवण्यात भाग घेतला होता. रक्ताच्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन हृदयात शिरणाऱ्या नळीबद्दल त्यांनी 1962 मध्ये लिहिले. प्रवाहाबरोबर पुढे जाणारी फुग्याची नळी 1970 नंतर अतिदक्षता विभागांत सर्रास वापरली जाऊ लागली. डॉटर यांच्याकडे शिकलेले मेल्विन जडकिन्स यांनी 1967 मध्ये डाव्या आणि उजव्या हृदयधमनीसाठी वेगवेगळ्या वळणाच्या नळ्या मांडल्या. कॅथलॅबमध्ये आजही त्या त्यांच्याच नावाने मागवल्या जातात.

1963 मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी डॉटर एका रुग्णाच्या मूत्रपिंडाच्या धमनीची तपासणी करत होते. जांघेतून वर सरकवलेल्या नळीला वाटेत, ओटीपोटातल्या धमनीत, अडथळा होता. नळी त्यातून आरपार गेली आणि बंद असलेली धमनी मोकळी झाली. तपासणी करताना नकळत उपचार झाला होता. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने ही गंमत म्हणून सोडून दिली असती. डॉटर यांना त्यात आपल्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिसले.

जून 1963 मध्ये चेकोस्लोव्हाकियातील कार्लोव्ही व्हेरी येथील रेडिओलॉजी परिषदेत त्यांनी भविष्यातील तंत्रांवर व्याख्यान दिले. कॅथेटर हे केवळ तपासणीचे साधन न राहता अनेक ठिकाणी सर्जनच्या सुरीची जागा घेईल, असे त्यांनी तिथे मांडले. श्रोत्यांत चेक डॉक्टर जोसेफ रोश होते. ते पुढे पोर्टलंडला येऊन डॉटर यांचे सहकारी झाले.

16 जानेवारी 1964 रोजी काय झाले?

त्या आजीबाईंच्या डाव्या पायाला भरून न येणारी जखम होती, बोटे काळी पडली होती आणि वेदना थांबत नव्हत्या. सर्जननी पाय कापण्याचा सल्ला दिला. आजीबाईंनी ठाम नकार दिला. दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा प्रकरण डॉटर यांच्याकडे आले. चित्रात मांडीच्या धमनीत एक छोटासा, अरुंद झालेला टप्पा दिसला. खालच्या पायाला रक्त न मिळण्याचे कारण तेवढेच होते.

डॉटर यांनी त्या टप्प्यातून तार पार केली. तारेवरून एक बारीक टेफ्लॉनची नळी सरकवली आणि त्या नळीवरून दुसरी जाड नळी. वाट टप्प्याटप्प्याने रुंद झाली. नळ्या काढल्यावर थंड पडलेला पाय उबदार झाला. आठवडाभरात वेदना गेल्या आणि पुढे जखमही भरली. तीन आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा चित्रे काढली, तेव्हाही धमनी उघडीच होती. आजीबाई त्यानंतर जवळपास तीन वर्षे जगल्या, त्या स्वतःच्या दोन पायांवर चालत.

डॉटर आणि जडकिन्स यांनी नऊ रुग्णांच्या 11 पायांवरील अनुभव त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अँजिओप्लास्टीचा इतिहास या लेखापासून सुरू होतो.

गिटारची तार आणि ब्लोटॉर्च यांचा काय संबंध?

तेव्हा अशी अवजारे बाजारात मिळत नव्हती. डॉटर ती स्वतः बनवत. गिटारच्या तारा, फोक्सवॅगन गाडीच्या स्पीडोमीटरची केबल, मिळेल ते घेऊन ते तारा आणि नळ्या घडवत. बाहेरून फिरवले की दुसरे टोकही फिरते, हे काम स्पीडोमीटरची केबल गाडीत करतच असते. रक्तवाहिनीतल्या तारेकडूनही तीच अपेक्षा होती.

1963 मध्ये शिकागो येथील रेडिओलॉजी परिषदेत बिल कुक नावाचा तरुण उद्योजक छोट्याशा टेबलावर ब्लोटॉर्चच्या ज्योतीने टेफ्लॉनच्या नळ्या वाकवून दाखवत होता. कंपनी नुकतीच सुरू झालेली, तीही घरातल्या रिकाम्या खोलीत. डॉटर यांनी त्याच्याकडून ब्लोटॉर्च आणि नळी मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी दहा तयार कॅथेटर आणून दिले. कुक यांनी ते प्रत्येकी 10 डॉलरला विकले. त्या भेटीतून दोघांची दीर्घ भागीदारी जमली. डॉक्टरने अवजाराची गरज सांगायची आणि कारखान्याने ते घडवायचे, ही आजच्या वैद्यकीय उपकरण उद्योगाची रीत इथेच रुजली.

सहकाऱ्यांनी विरोध का केला?

कारणे दोन. एक हक्काचे. रक्तवाहिन्या दुरुस्त करणे हे सर्जनचे क्षेत्र होते आणि एक्स-रे विभागातला माणूस त्यात हात घालत होता. डॉटर यांच्याच रुग्णालयात एका सर्जनने तपासणीच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत बजावले होते, की फक्त चित्र काढावे, दुरुस्तीचा प्रयत्न करू नये.

दुसरे कारण डॉटर यांचा स्वभाव. ते बोलायला तिखट आणि प्रयोग करायला बेधडक. स्वतःच्या हृदयात नळी घालून घेऊन त्यांनी व्याख्यानात स्वतःच्याच हृदयातील दाबाच्या लहरी पडद्यावर दाखवल्या, असे सांगतात. 1964 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्यांची छायाचित्रे छापली. काम करताना विस्फारलेले डोळे आणि विस्कटलेले केस असलेला हा डॉक्टर वाचकांच्या लक्षात राहिला, पण त्यामुळे क्रेझी चार्ली हे टोपणनावही चिकटले. अनेक अमेरिकी डॉक्टरांनी पद्धत न तपासताच माणसाला विक्षिप्त ठरवले.

पद्धतीत खरेच उणिवा होत्या का?

होत्या, आणि त्या नाकारून चालणार नाही. जाड नळी अडथळ्यातून ढकलताना धमनीतला थर पुढे लोटला जाण्याची आणि त्याचा तुकडा सुटून खालची लहान धमनी बंद होण्याची भीती असे. दुसरी अडचण छिद्राची. आत जेवढी जाड नळी न्यायची, तेवढेच मोठे भोक जांघेतल्या धमनीला पाडावे लागे आणि त्यातून रक्तस्राव होई. त्यामुळे मांडीच्या धमनीपुरती ही पद्धत ठीक होती. हृदयाच्या बारीक धमन्यांत ती नेणे शक्य नव्हते.

मग फुगा कुठून आला?

युरोपातून. अमेरिकेत दुर्लक्षित राहिलेली ही पद्धत जर्मनीत एबरहार्ड झाइटलर यांनी उचलली आणि शेकडो रुग्णांवर वापरली. तिकडे या उपचाराला डॉटरिंग असेच नाव पडले. झाइटलर यांच्याकडे ती पाहिलेले तरुण डॉक्टर अँड्रियास ग्रुंटझिग यांनी झुरिचमधील आपल्या घराच्या स्वयंपाकघरात एक वेगळी नळी बनवायला घेतली. नळीच्या टोकाशी लांबट फुगा. आत जाताना तो मिटलेला, त्यामुळे छिद्र लहान. अडथळ्यात पोहोचला की फुगवायचा, म्हणजे पुढे ढकलण्याऐवजी तो चारी बाजूंनी दाब देतो. 1974 मध्ये पायाच्या धमनीत आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिचमध्ये जागेपणी असलेल्या माणसाच्या हृदयधमनीत तो फुगा फुगवला गेला. डॉटर यांच्या तारेच्या वाटेनेच हृदयाची अँजिओप्लास्टी पोहोचली होती. ती गाजल्यावर अमेरिकेलाही आपल्या घरच्या डॉक्टरची आठवण झाली. 1978 मध्ये डॉटर यांचे नाव नोबेल पुरस्कारासाठी सुचवले गेले. पुरस्कार मात्र मिळाला नाही.

डॉटर यांनी आणखी काय केले?

1969 मध्ये त्यांनी कुत्र्याच्या पायाच्या धमनीत तारेची स्प्रिंग बसवून वाट उघडी ठेवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्या स्टेंटची ती सुरुवात. 1983 मध्ये नितिनॉल या धातूची, उष्णतेने मूळ आकारात उलगडणारी स्प्रिंग त्यांनी पुढे आणली. गुठळी विरघळवणारे औषध हातातल्या शिरेतून सगळ्या शरीरात न सोडता नळीने थेट गुठळीपाशी, कमी मात्रेत सोडण्याचा अनुभव त्यांनी 1974 मध्ये मांडला. पोटात रक्तस्राव होत असेल तर त्या फाट्यावर नळी नेऊन तो फाटाच बंद करण्याचे काम रोश यांच्यासोबत केले. काही ठिकाणी वाट उघडणे हा उपचार, तर काही ठिकाणी ती बुजवणे. दोन्हींसाठी आधी योग्य फाट्यावर पोहोचावे लागते.

रुग्णालयाबाहेर त्यांना डोंगरांचे वेड होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील 14 हजार फुटांहून उंच 67 शिखरे त्यांनी सर केली. 14 हजार फूट म्हणजे सुमारे 4,267 मीटर. महाराष्ट्रातले सर्वोच्च कळसूबाई 1,646 मीटर आहे, यावरून अंदाज यावा. लिम्फग्रंथींच्या कर्करोगाने त्यांना गाठले, त्यावर त्यांनी उपचार घेतले आणि काम चालू ठेवले. पुढे हृदयविकार जडला. छाती न उघडता रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याचा ध्यास घेतलेल्या डॉटर यांच्या हृदयावर उघडी शस्त्रक्रिया करावी लागली. 15 फेब्रुवारी 1985 रोजी, वयाच्या 64 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते वर्ष या क्षेत्रासाठी विलक्षण दुःखाचे ठरले. जानेवारीत जडकिन्स गेले, फेब्रुवारीत डॉटर. ऑगस्टमध्ये हृदयधमन्यांची पहिली निवडक चित्रे घेणारे मेसन सोन्स गेले आणि ऑक्टोबरमध्ये ग्रुंटझिग यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. पोर्टलंडमध्ये 1990 मध्ये डॉटर यांच्या नावाने संस्था उभी राहिली.

आज या तंत्राचा उपयोग कुठे होतो?

पक्षाघातात मेंदूतल्या धमनीतून गुठळी ओढून काढण्यासाठी, यकृताच्या गाठीला रक्त पुरवणारा फाटा बंद करण्यासाठी, फुफ्फुसातली गुठळी काढण्यासाठी हीच तार आणि नळी वापरली जाते. पक्षाघाताच्या निवडक रुग्णांत गुठळी ओढून काढण्याचा फायदा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी दाखवला. तार फिरवणारा हातही आता रुग्णाजवळ असायलाच हवा असे नाही. डिसेंबर 2018 मध्ये गुजरातमध्ये डॉक्टरने सुमारे 32 किलोमीटर अंतरावरून यंत्रमानवाच्या साह्याने पाच रुग्णांची अँजिओप्लास्टी केली. गरज पडल्यास हाताळायला रुग्णाजवळ दुसरे पथक उभे होते.

भारतात खर्चाचा प्रश्नही आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साध्या धातूच्या स्टेंटसाठी 7,260 रुपये आणि औषधलेपित स्टेंटसाठी 29,600 रुपये, कर वेगळा. त्याआधी हीच वस्तू अनेक पटींनी महाग विकली जात होती.

पायाच्या रुग्णांसाठी यातून काय घ्यावे?

हृदयाची अँजिओप्लास्टी सर्वांना माहीत झाली, पण ज्या पायापासून हे सुरू झाले तो अजूनही दुर्लक्षित आहे. मधुमेह आणि तंबाखू ही पायाच्या धमन्या अरुंद होण्याची मोठी कारणे. चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, पाय थंड पडणे, बोटावरची जखम आठवडे उलटूनही न भरणे ही लक्षणे. मधुमेहात संवेदना कमी झाल्याने वेदना जाणवतेच असे नाही. म्हणून नुसती मलमपट्टी करत बसण्यापेक्षा पायाची नाडी आणि घोट्याजवळचा रक्तदाब तपासून घ्यावा. डॉपलर सोनोग्राफीत रक्त कुठे अडते ते दिसते.

प्रत्येक पाय तारेने वाचतो असे नाही. धमनी लांबवर बंद असेल, खालच्या बारीक धमन्याच उरल्या नसतील किंवा जंतुसंसर्ग पसरला असेल, तर बायपास किंवा पाय काढण्याचा निर्णय जीव वाचवणारा ठरतो. मात्र तातडीने जीव वाचवण्याची वेळ नसेल, तर पाय काढायचे ठरवण्याआधी धमन्यांचे चित्र काढले का आणि वाट उघडता येण्याजोगी आहे का, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायलाच हवेत. 1964 मध्ये त्या आजीबाईंनी नकार दिला नसता, तर हे प्रश्न कोणी विचारलेच नसते.